मिनी पीसीला १४४ हर्ट्झचा मॉनिटर जोडताना या चुका टाळा

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत कास्टिंगची थ्रीडी ड्रॉइंग करणारा डिझायनर असो किंवा शिवाजी विद्यापीठाजवळ खोली घेऊन राहणारा, अभ्यास आटोपल्यावर गेम खेळणारा विद्यार्थी असो, थोड्या जागेत मावणारा मिनी पीसी आणि त्याला १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा, मॉनिटर ही जोडी दोघांनाही सोयीची वाटते. मात्र जोडणी केल्यावर चित्र ६० हर्ट्झच्या पुढे जात नाही आणि मग मॉनिटरच खराब निघाला, असे समजून लोक तो परत करायला निघतात. दोष बहुधा मॉनिटरचा नसतो. संगणकाचा पोर्ट (केबल लावायची जागा), केबल, एका प्रकारच्या पोर्टला दुसऱ्या प्रकाराशी जोडणारा कन्व्हर्टर, मॉनिटरचा इनपुट आणि विंडोजची सेटिंग यांपैकी सर्वांत कमकुवत जे असेल, त्याच्याच मर्यादेत पडद्यावर चित्र उमटते.

सर्वांत साधी चूक सेटिंग न पाहण्याची. मॉनिटर नवा जोडला की विंडोज अनेकदा ६० हर्ट्झच निवडते आणि ते आपल्याला हाताने बदलावे लागते. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले आणि त्याखाली अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले या क्रमाने गेले की रिफ्रेश रेट निवडता येतो. दोन पडदे जोडलेले असतील तर त्याच पानावर वरच्या बाजूला योग्य पडदा निवडला आहे ना, हे आधी पाहावे. दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दाखवणारा डुप्लिकेट पर्याय चालू असेल तर वेगवान पडदाही संथ पडद्याच्या बरोबरीने चालतो.

यादीत १४४ हा आकडाच दिसत नसेल, तर पोर्टकडे वळावे, आणि इथे थोडे गणित करण्याचा कंटाळा करू नये. २५६० गुणिले १४४० पिक्सेलचे चित्र सेकंदाला १४४ वेळा, प्रत्येक पिक्सेलला २४ बिट या हिशेबाने पाठवायचे, तर सेकंदाला सुमारे १२.७ गीगाबिट माहिती जावी लागते आणि दोन चित्रांमधील मोकळ्या वेळेचा भार त्यावर आणखी पडतो. एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट हे चित्र पाठवणाऱ्या पोर्टचे दोन प्रकार आहेत आणि नावापुढचा आकडा त्यांची आवृत्ती सांगतो. एचडीएमआय १.४ मधून प्रत्यक्ष चित्रासाठी सेकंदाला जेमतेम ८.१६ गीगाबिट मिळतात, एचडीएमआय २.० मधून १४.४ आणि डिस्प्लेपोर्ट १.२ मधून १७.२८. इंटेलच्या आठव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधील यूएचडी ६३० ग्राफिक्स स्वतःहून एचडीएमआय १.४ च देते आणि २.० हवे असेल तर निर्मात्याला मदरबोर्डवर वेगळी चिप बसवावी लागते. त्याच ग्राफिक्सचा डिस्प्लेपोर्ट मात्र १.२ आवृत्तीचा असतो. म्हणून जुना, दुरुस्त करून विकलेला मिनी पीसी घेतला असेल आणि त्याला दोन्ही पोर्ट असतील, तर हाताशी एचडीएमआय केबल आहे म्हणून तीच लावणे ही महागात पडणारी चूक ठरते. नव्या यंत्रांच्या बाबतीतही ‘एचडीएमआय २.१’ एवढ्या शब्दांवर विसंबू नये, कारण त्या आवृत्तीतील बऱ्याच नव्या सुविधा ऐच्छिक आहेत. माहितीपत्रकात कमाल रिझोल्यूशनसमोर किती हर्ट्झ लिहिले आहेत, तेच ग्राह्य धरावे.

केबलचा दोष वेगळ्या तऱ्हेने दिसतो. यादीत १४४ आहे, तो निवडताही येतो, पण पडदा मधूनमधून काळा होतो किंवा चित्रावर ठिपके चमकतात, तेव्हा संशय आधी केबलवर घ्यावा. राजारामपुरीत केबल घ्यायला जाताना पोर्टचा आणि मॉनिटरच्या मागच्या बाजूचा फोटो जवळ ठेवावा. एचडीएमआय २.० साठी किमान ‘प्रीमियम हाय स्पीड’ आणि २.१ च्या पूर्ण ४८ गीगाबिटसाठी ‘अल्ट्रा हाय स्पीड’ असे प्रमाणपत्राचे लेबल पाहून केबल घ्यावी; गरजेपेक्षा लांब केबल घेऊ नये.

कन्व्हर्टरला दिशा असते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. संगणकाच्या डिस्प्लेपोर्टमधून मॉनिटरच्या एचडीएमआयमध्ये चित्र नेणारा स्वस्त कन्व्हर्टर उलट्या बाजूने चालत नाही. एचडीएमआयमधून डिस्प्लेपोर्टकडे जायचे असेल तर सिग्नल बदलणारा अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो आणि त्याला बहुधा वेगळी वीजही द्यावी लागते. यूएसबी-सीचेही तसेच आहे: प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून चित्र बाहेर पडत नाही, त्यासाठी त्या पोर्टला डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोडची सोय असावी लागते.

लहान डेस्कटॉपमध्ये वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल, तर केबल कार्डाच्याच पोर्टमध्ये लावावी, मदरबोर्डच्या नव्हे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असे नाव दिसले, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारे सॉफ्टवेअर, बसलेलाच नाही, असे समजावे.

मिनी पीसी मॉनिटरच्या पाठीवर स्क्रूने बसवण्याची पद्धत टेबल मोकळे ठेवते, पण त्यात हवेची जाळी झाकली जाते आणि भिंतीशी दाबून केबल पोर्टपाशीच वाकते. तापलेला प्रोसेसर आपला वेग कमी करतो, त्यामुळे सुरुवातीला सहज चाललेला गेम अर्ध्या तासाने अडखळू लागतो. जाळीसमोर मोकळी जागा ठेवावी आणि केबलला सैल वळण द्यावे.

एवढे सगळे जुळून आल्यावरही गेम सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रेच दाखवत असेल, तर ती जोडणीची चूक नाही. १४४ हर्ट्झचा पडदा दर ६.९ मिलीसेकंदांनी नवे चित्र मागतो आणि तेवढ्या वेगाने चित्र तयार करणे हे ग्राफिक्सचे काम आहे. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते संगणकाचीच रॅम वापरते. म्हणून १६ जीबीची एकच पट्टी असण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन पट्ट्या असणे अशा यंत्रात फार उपयोगी ठरते. यंत्राला रॅमच्या दोन खाचा आहेत का, हे मॉनिटरवर पैसे खर्च करण्याआधीच दुकानदाराला विचारावे.