ग्राफाइटमधील विखंडन-उत्पादने: आकडे वाचताना या चुका टाळा

अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९६५ ते १९६९ या काळात चाललेल्या वितळलेल्या क्षारांच्या प्रायोगिक अणुभट्टीत, युरेनियम विरघळलेला सुमारे ६५० अंश सेल्सिअसचा फ्लोराइड क्षार ग्राफाइटच्या उघड्या पट्ट्यांना घासून वाहत असे. गाभ्यात ठेवलेले ग्राफाइटचे नमुने अधूनमधून बाहेर काढून, त्यांचा एकेक पातळ थर खरवडून, कोणत्या खोलीवर कोणती विखंडन-उत्पादने (युरेनियमचे अणू फुटून बनलेले अणू) साठली आहेत हे तेथे मोजले गेले. हे आकडे वाचताना होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ एकच असते: सापडलेल्या अणूचा जनक, म्हणजे ज्याच्या किरणोत्सारी ऱ्हासातून तो बनला तो अणू, कोण होता, हे विचारलेच जात नाही.

ग्राफाइटच्या आत खोलवर स्ट्रॉन्शियम-८९ सापडले, म्हणजे क्षार आत मुरला, हा निष्कर्ष सर्वांत सहज निघतो आणि तोच चुकीचा आहे. हा क्षार ग्राफाइटला भिजवत नाही. अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखा तो वेगळाच राहतो. आत शिरतो तो क्रिप्टॉन-८९ हा वायू. त्याचे अर्धायुष्य तीन मिनिटांहून थोडे अधिक असल्याने छिद्रांतून बराच आत जायला त्याला सवड मिळते, आणि तेथे रुबिडियममार्गे त्याचे स्ट्रॉन्शियम होते. याउलट बेरियम-१४० चा पूर्वज झेनॉन-१४० सुमारे १४ सेकंदांतच निम्मा उरतो. म्हणून खोलीबरोबर बेरियमचे प्रमाण फार झपाट्याने घटते. झिर्कोनियम-९५ सारखी, क्षारातच राहणे पसंत करणारी उत्पादने मात्र ग्राफाइटमध्ये जवळजवळ आढळत नाहीत. क्षार खरोखर मुरला असता, तर तीही खोलवर दिसली असती.

मॉलिब्डेनम, रुथेनियम, टेल्युरियम यांना हा न्याय लावू नये. ही मूलद्रव्ये क्षारात स्थिर फ्लोराइड बनवत नाहीत. ती ग्राफाइटच्या अगदी वरच्या थरात, आणि धातूच्या पृष्ठभागांवरही, चिकटतात. त्यामुळे झेनॉन वायू आत शिरू नये म्हणून ग्राफाइटची छिद्रे बुजवली, तरी हा थर टळत नाही.

याच गटातील नायोबियम-९५ विशेष फसवे आहे. क्षार पुरेसा क्षपणकारी (इलेक्ट्रॉन देणारा) असेल तर ते पृष्ठभागांवर बसते, ऑक्सिडीकारक (इलेक्ट्रॉन घेणारा) झाला तर क्षारात विरघळलेले राहते. तेव्हा बेरिलियम हा क्षपणकारी धातू घालून क्षाराची स्थिती केव्हा बदलली होती, हे न पाहता दोन वेगवेगळ्या काळांतील नमुन्यांची तुलना करू नये. शिवाय ते झिर्कोनियम-९५ पासून जन्मते. नमुन्यावर क्षाराचा थेंब चिकटून राहिला असेल, तर भट्टीबाहेर ठेवलेल्या नमुन्यातही नवे नायोबियम तयार होत राहते, आणि ही वजावट हिशेबात हमखास राहून जाते.

तयार झालेल्या आणि प्रत्यक्ष सापडलेल्या उत्पादनांचा ताळेबंद जुळेना, तर दोष ग्राफाइटला देण्याआधी क्षाराचा नमुना कसा घेतला ते तपासावे. पंपाच्या टाकीत सोडलेली उघडी पळी वरच्या वायूतील तुषारांतून खाली जाते, आणि त्या तुषारांत राजधातूंचे, म्हणजे वरील मॉलिब्डेनम-रुथेनियमसारख्या क्षारात न विरघळणाऱ्या धातूंचे, कण असतात. म्हणूनच तेथे पुढे निर्वात कुपी वापरली गेली: तिच्या तोंडाशी गोठलेल्या क्षाराचे बूच असे, ते क्षारात बुडाल्यावरच वितळे आणि पृष्ठभागाखालचा क्षार आत ओढला जाई.