शेअरचं खरं मोल वहीत कसं काढावं

दादरला फ्लॅट बघताना आपण ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) आहे का, पाणी किती वाजता येतं, सोसायटीची थकबाकी किती, सगळं खोदून विचारतो. शेअर मात्र लोकलमध्ये कानावर पडलेल्या नावावर घेतो. फ्लॅटवाली नजर शेअरलाही लावा.

मुंबई शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरून कंपनीचे वार्षिक अहवाल उतरवून घ्या, फुकट मिळतात. अध्यक्षांचं भाषण सोडून थेट रोख प्रवाह पत्रकावर या; प्रत्यक्ष पैसा किती आला-गेला ते तिथे असतं. धंद्यातून आलेल्या रोखीतून यंत्रं-इमारतींवरचा खर्च वजा करा आणि उरलेल्याला शेअर्सच्या संख्येने भागा. एखादं वर्ष फारच चांगलं किंवा वाईट गेलं असेल, तर पाच वर्षांची सरासरी धरा. नफा वाढतोय पण रोख येत नाही, असं सलग तीन-चार वर्षं दिसलं की मी वही मिटतो. प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीच्या मुख्य मालकांनी, आपले शेअर कर्जासाठी तारण ठेवलेत का, तेही पाहा.

समजा, शेअरमागे 20 रुपये उरतात. ते दरवर्षी किती वाढतील याचा दहा वर्षांचा अंदाज मांडा. पण उद्याचा रुपया आजच्याइतका मोलाचा नसतो. व्यापारी हुंडीचे पैसे मुदतीआधी देताना वटाव कापत, म्हणजे थोडी रक्कम कमी करत, तसा आपणही कापायचा. मी 12 टक्के धरतो; मुदत ठेवीपेक्षा बरंच जास्त मिळणार नसेल तर जोखीम कशाला? म्हणजे पहिल्या वर्षाची रक्कम 1.12 ने एकदा भागायची, दुसऱ्याची दोनदा, असं दहापर्यंत. त्यापुढे कायमची 4 टक्के वाढ: अकराव्या वर्षाची रक्कम भागिले 0.08 (12 टक्क्यांतून 4 टक्के वजा), आणि तिलाही दहा वेळा 1.12 ने भागायचं. सगळ्याची बेरीज म्हणजे शेअरचं मोल.

खरी गोम वाढीच्या आकड्यात आहे. पहिल्या दहा वर्षांत वाढ 4 टक्के धरली तर मोल येतं 260 रुपये, 8 टक्के धरली तर सुमारे 345, आणि 12 टक्क्यांना 460. कंपनी तीच, वहीही तीच! म्हणून तिन्ही आकडे लिहा. अमेरिकन गुंतवणूकतज्ज्ञ बेंजामिन ग्रॅहम यांनी सुरक्षिततेचं अंतर राखायला, म्हणजे काढलेल्या मोलापेक्षा बरंच कमी भावात घ्यायला सांगितलं ते याचसाठी. मी मधल्या आकड्यातून 30 टक्के वजा करतो, म्हणजे साधारण 240. भाव 300 असेल तर थांबायचं, मग शेजारचा काहीही म्हणो.

बँका आणि विमा कंपन्यांना हा हिशेब लावू नका. पैसा हाच त्यांचा कच्चा माल, त्यामुळे त्यांच्या रोख प्रवाहातून काही कळत नाही. तिथे पुस्तकी मूल्य (मालमत्तेतून देणी वजा करून उरतं ते) आणि बुडीत कर्जं बघावी लागतात.