लाकडी मुठीचा खिशातला चाकू रोज वापरायचा तर

लाकडी मुठीचा घडीचा चाकू कापून कापून खराब होत नाही, ओला मिटल्यामुळे होतो. फळ कापलं, नळाखाली धरला, पँटला पुसला आणि टक्कन मिटून खिशात टाकला, की सांध्यात उरलेला थेंब दोन कामं करतो: पात्याच्या बुडाला गंज चढवतो आणि मुठीची खोबण फुगवतो. पुढच्या बऱ्याच सूचना या एका थेंबापायी आहेत.

लाकूड त्याच्या तंतूंच्या रेषांना आडव्या दिशेनं फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून मूठ लांब होत नाही. खोबणीच्या भिंती आत सरकतात आणि पातं आवळलं जातं. अखंड लाकडात खोबण कापलेल्या चाकूंना हा त्रास जास्त. फ्रान्समधला 1890 पासूनचा ओपिनेल याचं ठळक उदाहरण: मूठ बहुतेकदा बीच या युरोपी झाडाच्या लाकडाची, आणि बीच ओलीला लगेच दाद देतं. लायोल धाटणीच्या चाकूत लाकडाच्या दोन पट्ट्या धातूच्या पत्र्यांवर रिव्हेटनं बसवलेल्या असतात. तिथे पातं सहसा अडकत नाही, पण लाकूड आकसलं की रिव्हेटच्या भोकापासून तडा जातो. शिसवी लाकूड बीचपेक्षा कमी फुगतं-आकसतं. रेझिन भरून पक्कं केलेलं लाकूड सर्वांत कमी कटकटीचं, मात्र हाताला थोडं प्लॅस्टिकसारखं लागतं. हा आवडीचा प्रश्न आहे.

निवडताना फार डोकं लावू नका. रोजच्या कामाला 7 ते 8.5 सेंटिमीटरचं पातं पुरतं. ओपिनेलचा 8 नंबर बरोबर 8.5 चा. हातात घेऊन तीन गोष्टी बघा: उघडं पातं डावी-उजवीकडे डुलत नाही ना, मिटल्यावर टोक मुठीच्या बाहेर डोकावत नाही ना, आणि पात्यावरच्या खाचेत नख घालून ते नख न मोडता उघडतं ना.

बाळगण्याआधी आपण राहतो तिथला आणि जातो तिथला कायदा वाचा. फरक पात्याच्या लांबीवर असतो तसा उघडं पातं जागीच रोखणाऱ्या लॉकवरही असतो. ब्रिटनमध्ये 3 इंचांपर्यंत धारेचा, लॉक नसलेला घडीचा चाकू सोबत ठेवता येतो. लॉक असलेल्याला सबळ कारण लागतं. विमानाच्या केबिनमध्ये चाकू नेता येत नाही, तो आधी जमा करायच्या सामानात जातो. सुरक्षा तपासणीत चांगले चाकू गमावले जातात ते बहुतेक विसरभोळेपणामुळे, म्हणून प्रवासाच्या आदल्या रात्री खिसे आणि बॅगेचे कप्पे चाचपा.

खिशात चाकू एकटा ठेवा. किल्ल्या आणि नाणी चार दिवसांत मुठीची झिलई उतरवतात. चामड्याचं पाकीट दिवसा वापरायला उत्तम, पण महिनोन्‌महिने त्यातच ठेवू नका: चामडं ओल धरून ठेवतं आणि पितळी भागांवर हिरवट थर येतो. घामाचे दिवस असतील तर रात्री चाकू खिशातून काढून, उघडून, कोरड्या फडक्यानं पुसून ठेवा. घामातलं मीठ साध्या पाण्यापेक्षा लवकर गंज आणतं. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तो कधीही विसरू नका. एका दुपारीत मुठीला तडा जाऊ शकतो.

उघडताना मूठ एका हातात, नख खाचेत, आणि पात्याच्या वाटेत एकही बोट नको. मिटताना तीन बोटं मुठीच्या बाजूंवर ठेवा आणि पात्याच्या पाठीवर तळव्यानं दाब द्या. लॉक नसलेल्या, स्प्रिंगच्या चाकूचं पातं शेवटच्या वळणावर हातातून सुटतं आणि टपकन आत पडतं. तो आवाज ऐकायला छान, पण काही चाकूंमध्ये त्या वेळी धार आतल्या स्प्रिंगवर आदळते आणि पात्याच्या पोटाजवळ, जिथे धार वळते तिथे, बारीक खाच पडते. बघायचं असेल तर पातळ कागदाची पट्टी खोबणीत ठेवून चाकू हळूच पूर्ण मिटा. कागदावर चिरेची खूण उमटली तर धार टेकते आहे. अशा चाकूचं पातं शेवटपर्यंत हातानं धरून उतरवा; धार लावताना त्या जागी दगड केसभर जास्त फिरवला की पुढे टेकणं थांबतं. ओपिनेलच्या छोटे आकार सोडून बाकी चाकूंना 1955 पासून पातं रोखणारी फिरती कडी असते. पातं उघडल्यावर ती आधी फिरवा, मग कापा.

लॉक नसेल तर जोर फक्त धारेच्या दिशेनं द्या. टोक खुपसून भोक पाडायला गेलात की पातं उलट फिरून बोटांवर मिटतं. या चाकूंच्या जखमा बहुधा अशाच होतात. झाकण उचकटणं, स्क्रू फिरवणं, पातं लाकडात रोवून पिळणं, यानं एकतर टोक मोडतं किंवा सांध्याचा रिव्हेट सैल होतो, आणि सैल झालेला रिव्हेट घरी पूर्ववत होणं अवघड. काचेच्या किंवा चिनी मातीच्या बशीवर कापू नका. लाकडी पाटावर महिनाभर टिकणारी धार बशीवर एका फळात जाते. पुठ्ठाही धार खातो. खोकी रोज फोडायची असतील तर त्याला साधं कटर ठेवा.

पुसण्याची रीत अशी. पातं आधी ओल्या फडक्यानं, मग कोरड्यानं, पाठीकडून धारेकडे, चिमटीत धरून पुसा. खोबणीत फडक्याचा कोपरा काडीनं सारा. चाकू पाण्यात पडला असेल किंवा रसाळ फळ कापलं असेल तर अर्धा तास उघडाच ठेवा आणि मगच मिटा. डिशवॉशर विसरा. चिकटपट्टीचा डिंक पात्यावर राहिला तर तेलाचा एक थेंब चोळून पुसला की निघतो. खरवडायची गरज नाही.

कार्बन स्टीलचं पातं लिंबू, कांदा, टोमॅटो लागताच करडं-निळसर पडतं. हा रंग घासून काढू नका, तो थर लाल गंजाला थोडी आडकाठी करतो. लाल ठिपका दिसला तर मात्र त्याच दिवशी तेल आणि बारीक स्टील वूलनं काढा. हा रोजचा पहारा नको असेल तर स्टेनलेस घ्या. त्यात कमीपणा नाही.

मुठीला तेल वर्षातून दोनदा पुरतं; हाताळून गुळगुळीत झालेल्या मुठीला त्याहूनही कमी. कच्चं जवसाचं तेल किंवा टंग तेल घ्या. स्वयंपाकातलं ऑलिव्ह किंवा शेंगदाण्याचं तेल सुकत नाही, चिकट होतं आणि पुढे खवट वास मारतं. बाजारातल्या उकळलेल्या जवस तेलात सुकवणारी धातूंची संयुगं असतात, म्हणून फळ कापायच्या चाकूला ते नको. मूठ खडबडीत झाली असेल तर 320 च्या पॉलिश पेपरनं (आकडा जितका मोठा, तितका पेपर किंवा दगड बारीक) रेषांच्या दिशेनं घासा, ओल्या फडक्यानं पुसून वाळू द्या, उभे राहिलेले तंतू 400 नं उतरवा. मग कापडाच्या तुकड्यावर चार-पाच थेंब घेऊन चोळा आणि 20 मिनिटांनी वर उरलेलं सगळं पुसा. लोक चुकतात ते इथेच: जाड थर तसाच सोडतात आणि आठवडाभर हात चिकटत राहतात. कच्चं तेल सुकायला कित्येक दिवस घेतं, तेवढा वेळ द्या. खोबणीच्या कडा आणि मुठीची दोन्ही टोकं विसरू नका, कारण रेषांच्या उघड्या तोंडांतूनच पाणी सर्वांत जास्त आत शिरतं. तेलकट चिंधी चुरगळून टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि गोळा केलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

सांध्याला मात्र सुकणारं तेल नको, तिथे खाण्यायोग्य मिनरल ऑइलचा एक थेंब. तो सोडून चार-पाच वेळा उघड-मिट करा आणि बाहेर आलेला काळपटपणा पुसा.

एवढं करूनही पातं फुगून अडकलंच तर पक्कड लावू नका. ओपिनेलच्या मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर टकटक आपटलं की पात्याची पाठ वर येते आणि बोटांत धरता येते. नंतर चाकू सावलीत, वाऱ्यावर, दोन दिवस ठेवा. हेअर ड्रायर आणि ऊन दोन्ही टाळा. बाहेरचं लाकूड आतल्याआधी सुकलं की चीर पडते. दर पावसाळी हवेत अडकत असेल तर पूर्ण सुकल्यावर पातळ कार्डाला 240 चा पेपर गुंडाळून खोबणीच्या आतल्या भिंती अगदी थोड्या घासा आणि उघडं पडलेलं लाकूड तेलानं बंद करा.

धार लावण्याआधी मूठ आणि सांधा मास्किंग टेपनं गुंडाळा. दगडाचा चिखल सांध्यात गेला तर तिथेही दगडासारखंच काम करतो. पात्यावर खाचा असतील तरच 400 च्या दगडापासून सुरुवात. एरवी 1000 पुरतो, आणि हवा असेल तर शेवटी 3000. कोन प्रत्येक बाजूला 15 ते 20 अंश. मोजायची सोपी युक्ती: पातं 18 मिलिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून 5 मिलिमीटर उचला, सुमारे 16 अंश होतात. धारेच्या कडेला मार्करनं रंग द्या आणि दोनदाच फिरवून बघा. रंग फक्त वरच्या बाजूला गेला तर पाठ खाली बसली आहे. फक्त टोकाच्या रेषेवर गेला तर जास्त उचलली आहे. एका बाजूनं घासत राहा, दुसऱ्या बाजूला पूर्ण लांबीभर बोटाला सूक्ष्म कुसळ, म्हणजे धारेवर वळून आलेली धातूची बारीक कड, लागेपर्यंत. नख धारेवरून आडवं बाहेर ओढलं की ते जाणवतं. धारेच्या लांबीनं बोट फिरवू नका. मग दुसरी बाजू, तेवढंच. शेवटी दाब कमी करत एकेक फेरा आलटून पालटून मारा आणि चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे ठेवून दहा-दहा वेळा ओढा. पातळ कागद उभा धरून कापा. जिथे अडतो किंवा फाटतो तिथे कुसळ राहिलं आहे, तेवढीच जागा पुन्हा पट्ट्यावर घ्या. टेप काढल्यावर खोबण झटका, सांधा पुसा आणि मिनरल ऑइलचा थेंब पुन्हा सोडा.