केमो किंवा ट्रान्सप्लांटचा पेशंट अचानक असंबद्ध बोलू लागला तर

ताप नाही म्हणून थांबू नका. स्टिरॉइड, टॅक्रोलिमस (ट्रान्सप्लांटनंतर प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) किंवा केमो चालू असताना मेंदूत विषाणूसंसर्ग झाला तरी ताप येईलच असं नाही. ताप चढवणारी प्रतिकारशक्तीच औषधांनी दबलेली असते. घरच्यांना दिसतं ते वेगळंच: तोच प्रश्न पुन्हा पुन्हा, साधे शब्द न आठवणं, विनाकारण चिडचिड, दिवसभर गुंगी.

आधी ग्लुकोमीटरवर साखर बघा, कमी असली तरी असंच होतं. ती ठीक असेल तर थेट इमर्जन्सीत, शक्यतो एमआरआय असलेल्या हॉस्पिटलात न्या. आकडी आली तर कुशीवर वळवा. तोंडात चमचा नको, नाकाला कांदा-चप्पलही नको.

सोबत औषधांची यादी, शेवटच्या केमोची किंवा ट्रान्सप्लांटची तारीख आणि ताजे रिपोर्ट घ्या. प्लेटलेट कमी असतील किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर तपासणीसाठी पाठीतलं पाणी (मेंदू-मणक्याभोवतीचा द्रव) सुईने काढताना रक्तस्रावाचा धोका असतो. वजन आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) लागतं ते असायक्लोव्हिर या विषाणूविरोधी औषधासाठी. हर्पिस विषाणूने मेंदूला संसर्ग झाल्याच्या संशयात नेहमीचा डोस किलोमागे 10 मिग्रॅ, दर 8 तासांनी शिरेतून. 60 किलोला एका वेळी 600 मिग्रॅ. प्रत्येक डोस तासभर सावकाश सोडतात आणि शरीरात पाणी पुरेसं ठेवतात, नाहीतर औषधाचे स्फटिक किडनीत अडकतात. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर डोस कमी होतो. गोळ्यांनी मेंदूत पुरेसं औषध पोचत नाही.

पहिला डोस रिपोर्टसाठी अडवू नये. पहिल्या तीन दिवसांत हर्पिसचा पीसीआर (पाठीतल्या पाण्यात विषाणू शोधणारी तपासणी) निगेटिव्ह येऊ शकतो, आणि अशा पेशंटच्या पाण्यात पांढऱ्या पेशींची संख्याही नॉर्मल दिसू शकते. संशय कायम असेल तर 3 ते 7 दिवसांत पाणी पुन्हा तपासतात. ‘पुन्हा सुई कशाला’ म्हणून नकार देऊ नका. हर्पिस ठरला तर साधारण 21 दिवस इंजेक्शन. पेशंट बोलू लागला म्हणून दहाव्या दिवशी डिस्चार्ज मागणं महागात पडतं, आजार उलटतो.

सगळ्यांवर असायक्लोव्हिर चालत नाही. बोन मॅरो ट्रान्सप्लांटनंतरच्या आठवड्यांत विस्मरण आणि सोडियम कमी असेल, तर एचएचव्ही-6 (हर्पिसच्याच कुळातला विषाणू) तपासायला हवा. त्याला गॅन्सिक्लोव्हिर किंवा फॉस्कार्नेट लागतं. जेसी या विषाणूमुळे मेंदूला होणारा आजार आठवड्या-आठवड्यांनी वाढतो. त्यावर खात्रीचं औषध नाही, दबलेली प्रतिकारशक्ती सावरणं हाच उपाय. रिटुक्सिमॅब (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी कमी करणारं औषध) घेतलेल्यांत नव्या अँटिबॉडी नीट तयार होत नाहीत, म्हणून पूर्व विदर्भातल्या पेशंटची जपानी मेंदूज्वराची आयजीएम (अँटिबॉडी) चाचणी निगेटिव्ह आली तरी तो आजार नाही असं धरू नये.

प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं स्वतःहून बंद करू नका. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड एकदम थांबवलं तर बीपी धोकादायक कोसळू शकतं.