नागपुरात मेट्रो आणि बसचा मार्ग नकाशावर कसा आखावा

मेट्रोने किंवा बसने अनोळखी ठिकाणी जायचे असेल, तर मार्ग आखण्याची सुरुवात शेवटाकडून करावी. ज्या दवाखान्यात, कार्यालयात किंवा फलाटावर पोहोचायचे आहे ते ठिकाण आधी शहराच्या साध्या नकाशावर शोधावे, तेथून पायी चालण्याजोग्या अंतरावर कोणती स्थानके व कोणते बसथांबे आहेत ते पाहावे, आणि मगच मेट्रोचा नकाशा उघडावा. नागपुरात सध्या दोनच मार्गिका आहेत: ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी अशी उत्तर-दक्षिण धावणारी ऑरेंज लाइन आणि प्रजापती नगर ते लोकमान्य नगर अशी पूर्व-पश्चिम जाणारी ॲक्वा लाइन. दोन्ही सीताबर्डीला एकमेकींना छेदतात, त्यामुळे गाडी कुठे बदलायची हा प्रश्न येथे उरतच नाही. उतरायचे कुठे, यावरच सगळा प्रवास ठरतो.

मेट्रोचा नकाशा स्थानकांचा क्रम आणि गाडी बदलण्याची जागा अचूक सांगतो. अंतर मात्र त्यावरून मोजू नये. १९३३ साली लंडनच्या भुयारी रेल्वेने हॅरी बेक या आरेखकाने केलेला नकाशा छापला. त्यात वळणे सरळ केलेली होती आणि रेषा आडव्या, उभ्या किंवा ४५ अंशांत तिरक्या होत्या. ही पद्धत पुढे जगभर रूढ झाली. तिचा मोह किती असतो हे वाहतूक संशोधक झान ग्वो यांनी २०११ साली लंडनच्या प्रवाशांवरील अभ्यासात दाखवले: मार्ग निवडताना प्रत्यक्ष लागणाऱ्या वेळेच्या जवळजवळ दुप्पट प्रभाव नकाशावर दिसणाऱ्या लांबीचा पडत होता. म्हणून मेट्रोचा नकाशा आणि शहराचा खरा नकाशा हे दोन्ही शेजारी ठेवूनच निर्णय घ्यावा, असा माझा आग्रह आहे.

एक उदाहरण घेऊ. हिंगणा रोडवरच्या वासुदेव नगरहून अजनी रेल्वे स्टेशनला जायचे आहे. केवळ मेट्रोचा नकाशा पाहणारा माणूस ‘अजनी चौक’ हे नाव वाचून तेथेच उतरायचे ठरवील. शहराचा नकाशा पाहिला, तर अजनी चौक वर्धा रोडवर पुढे आहे आणि रेल्वे स्टेशनला जवळचे मेट्रो स्थानक काँग्रेस नगर आहे, हे ध्यानात येते. तेव्हा वासुदेव नगरला ॲक्वा लाइनवर सीताबर्डीच्या दिशेची गाडी घ्यावी, आठव्या स्थानकावर म्हणजे सीताबर्डीला उतरावे, खापरीकडे जाणाऱ्या ऑरेंज लाइनच्या फलाटावर जावे आणि पुढच्याच स्थानकावर उतरावे. दोन्ही मार्गिकांचे फलाट वेगवेगळ्या पातळ्यांवर असल्याने सामान किंवा सोबत वयस्कर माणूस असेल, तर या बदलासाठी हाताशी थोडा जास्त वेळ ठेवावा.

नावांची अशीच काळजी आणखी दोन ठिकाणी घ्यावी लागते. ‘नागपूर रेल्वे स्टेशन’ हे मेट्रो स्थानक संत्रा मार्केटच्या, म्हणजे पूर्वेच्या बाजूला आहे. एक नंबरच्या फलाटावरून गाडी असेल तर रेल्वेमार्ग ओलांडून पलीकडे जावे लागते, आणि तो वेळ नकाशात कुठेच दिसत नाही. विमानतळाच्या नावाची तर एअरपोर्ट, एअरपोर्ट साउथ आणि न्यू एअरपोर्ट अशी तीन स्थानके आहेत. शहरातून जाताना आधी लागणारे एअरपोर्ट हेच प्रवासी टर्मिनलला जवळचे आहे, पण टर्मिनलचे दार त्याला लागून नाही. पुढच्या टप्प्यासाठी ऑटो किंवा अन्य वाहन आधीच हिशेबात धरावे.

मानेवाडा, नंदनवन, हुडकेश्वर अशा भागांत मेट्रो जात नाही. तेथे ‘आपली बस’ या शहर बससेवेकडे पर्याय म्हणून नव्हे, तर मार्गाचा मुख्य भाग म्हणूनच पाहावे. सीताबर्डीवरचे मोरभवन हे शहर बसचे मोठे ठाणे मेट्रोच्या सीताबर्डी स्थानकापासून जवळ असल्याने मेट्रो आणि बस यांची सांगड तेथे सहज बसते. तरीही थेट बस मिळत असेल, तर केवळ मेट्रो वेगवान आहे म्हणून दोनदा वाहन बदलू नये. प्रत्येक बदलात चालणे येते आणि त्याहून वाईट म्हणजे वाट पाहणे येते. बसची वारंवारिता कमी असेल, तर तिची वेळ आधी धरावी आणि मेट्रोची गाडी त्यानुसार निवडावी.

नकाशावर तुटक रेषा दिसल्यास खालची सूची जरूर वाचावी. कन्हान, बुटीबोरी, हिंगणा आणि कापसीच्या दिशेने जाणाऱ्या दुसऱ्या टप्प्याला केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी दिली. काही नकाशांत या मार्गिकाही काढलेल्या असतात, म्हणून रेषा दिसली तरी तेथे गाडी सुरू आहे की नाही याची खात्री करावी.

परतीचा मार्ग वेगळा आखावा. संध्याकाळी उशिरा परतायचे असेल, तर शेवटची मेट्रो आणि त्यापुढची शेवटची बस या दोन्हींच्या वेळा निघण्यापूर्वीच अधिकृत वेळापत्रकात पाहाव्यात, आणि दोहोंत मेळ बसत नसेल तर उतरण्याचे स्थानक असे निवडावे की जेथून रात्रीही ऑटो मिळेल.