मॉन्स्टरची ताकद वाढवायची कशी: हिट डाइसपासून चॅलेंज रेटिंगपर्यंत

टेबलावर फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळात पार्टीची (खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीची) लेव्हल वाढली की कालचा घाम फोडणारा मॉन्स्टर आज दोन राउंडमध्ये आडवा होतो. त्याचे नुसते हिट पॉइंट (तो किती मार सोसतो तो आकडा) दुप्पट केले तर लढाई लांबते, अवघड होत नाही. मॉन्स्टर मोठा करायचा तर हिट डाइसपासून (हिट पॉइंट ठरवणाऱ्या फाशांपासून) सुरुवात करावी, कारण बाकीचे बहुतेक आकडे त्यांच्यावरच उभे असतात. इथली पद्धत २००३ साली आलेल्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या ३.५ आवृत्तीतली आहे. ही सोय इतकी तपशीलवार फार थोड्या खेळांत सापडते.

१. अ‍ॅडव्हान्समेंटची ओळ वाचा. मॉन्स्टर कसा वाढतो ते सांगणारी ही ओळ स्टॅट ब्लॉकच्या (त्याच्या आकड्यांच्या तक्त्याच्या) शेवटी असते. आउलबेअरसमोर (घुबड-अस्वलासमोर) ६ ते ८ हिट डाइसला लार्ज (मोठा) आणि ९ ते १५ ला ह्यूज (प्रचंड) असे लिहिलेले आहे, म्हणजे तो हिट डाइसने वाढतो. ओगर या राक्षसासमोर कॅरेक्टर क्लास (पात्राचा पेशा) आहे, म्हणजे तो बार्बेरियन, फायटर वगैरे होऊन वाढतो.

२. हिट डाइस वाढवा आणि याच क्रमाने आकडे बदला: हिट पॉइंट, बेस अटॅक (हल्ल्याचा मूळ आकडा), सेव्ह (धोका टाळण्याचे आकडे), स्किल पॉइंट, फीट (खास कसब) आणि स्ट्रेंग्थसारखे सहा मूळ गुण, म्हणजे अ‍ॅबिलिटी. हिट डाइसच्या संख्येत ३, ६, ९ असा टप्पा आला की एक फीट मिळतो, आणि ४, ८, १२ ला एका अ‍ॅबिलिटीत १ ची भर पडते.

मूळ आउलबेअर ५ हिट डाइसचा, ५२ हिट पॉइंटचा, चॅलेंज रेटिंग (तो किती अवघड ते सांगणारा आकडा) ४ चा. तो ८ वर नेला की सरासरी हिट पॉइंट ८४ होतात. आठव्या डाइसची भर स्ट्रेंग्थमध्ये टाकली की ती २१ वरून २२ होते आणि पंजाचा हल्ला (फाशात मिळवायचा आकडा) +९ वरून +१३ वर जातो. सहाव्या डाइसचा फीट इम्प्रूव्हड नॅचरल अटॅकला दिला तर पंजाचे डॅमेज (इजा) १डी६ (सहा बाजूंचा एक फासा) ऐवजी १डी८ होते. हा फीट नेहमीच्या अलर्टनेसपेक्षा कितीतरी उपयोगी, कारण त्याचा फटका टेबलावर जाणवतो.

३. चॅलेंज रेटिंग मोजा. मॅजिकल बीस्ट, अ‍ॅनिमल आणि मॉन्स्ट्रस ह्युमनॉइडला दर ३ वाढीव हिट डाइसमागे १, ड्रॅगन आणि आउटसायडरला दर २ मागे १, जायंट, अनडेड, कन्स्ट्रक्ट वगैरेंना दर ४ मागे १. आउलबेअर मॅजिकल बीस्ट, म्हणून ८ डाइसचा तो रेटिंग ५ चा.

४. आकार बदलताना थांबून विचार करा. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. आठ डाइसवरून नऊवर गेले की आउलबेअर ह्यूज होतो: स्ट्रेंग्थ +८, कॉन्स्टिट्यूशन +४, डेक्स्टेरिटी −२, नॅचरल आर्मर +३, आणि हल्ल्यात व आर्मर क्लासमध्ये (हल्ला चुकवण्याच्या आकड्यात) आकाराचा आणखी −१. फक्त एक डाइस वाढला, पण हिट पॉइंट ११२ झाले, स्ट्रेंग्थ ३० झाली, आणि वरचा फीट न धरताही प्रत्येक पंजा १डी८+१० मारू लागला. आवाका ५ फुटांऐवजी १० फूट. आर्मर क्लास मात्र १५ वरून जेमतेम १६. कागदावर रेटिंग फक्त ६, कारण मूळच्या ४ मध्ये चार वाढीव डाइसचा १ आणि वाढलेल्या आकाराचा १ च धरला जातो.

म्हणून रेटिंगवर विसंबू नका. दोन्ही पंजे लागले तर सरासरी २९ डॅमेज होते. पाचव्या लेव्हलच्या, कॉन्स्टिट्यूशन १४ असलेल्या विझर्डचे (जादूगाराचे) सरासरी हिट पॉइंट २४ असतात. एका राउंडमध्ये पार्टीतला सर्वांत नाजूक गडी पूर्ण तब्येतीतून खाली जाणार असेल, तर ह्यूज करण्याचा मोह आवरा आणि ८ वर थांबा.

५. क्लास द्यायचा असेल तर तो मॉन्स्टरच्या अंगच्या बळाशी जुळतो का ते पाहा. ओगरला बार्बेरियन जुळतो. अशा प्रत्येक लेव्हलमागे रेटिंग १ ने वाढते, म्हणून ३ रेटिंगचा ओगर चार लेव्हलनंतर ७ चा. सॉर्सरर (जन्मजात जादूगार) जुळत नाही, म्हणून सॉर्सररच्या लेव्हल ओगरच्या मूळ ४ हिट डाइसइतक्या होईपर्यंत प्रत्येकीची निम्मीच वाढ धरतात, पुढे पूर्ण. क्लास घेणाऱ्या मॉन्स्टरच्या सहा अ‍ॅबिलिटींत +४, +४, +२, +२, ०, −२ हवे तसे वाटून घ्यावेत. सॉर्सररचे स्पेल (मंत्र) करिष्मा या गुणावर चालतात, आणि ओगरचा करिष्मा ७. सगळ्यात मोठी भर तिथे टाकली तरी ११ च, म्हणजे पहिल्या लेव्हलचे स्पेल जमतील. दुसऱ्या लेव्हलच्या स्पेलला १२ लागतो, तो एकूण आठव्या डाइसला (मूळ ४ आणि सॉर्सररच्या ४) मिळणारी भर करिष्म्यात टाकली तरच होतो. हे आधी पाहिले नाही तर हे स्पेल देणारी सॉर्सररची चौथी लेव्हल जवळजवळ वाया जाते.

६. टेम्प्लेट (मॉन्स्टरवर चढवायचा तयार बदलांचा संच) शेवटी लावा. फीन्डिश (सैतानी) टेम्प्लेट ७ हिट डाइसला रेटिंग १ ने वाढवते आणि ८ ला २ ने. टेम्प्लेट आधी लावून नंतर डाइस वाढवले की हा फरक नजरेतून सुटतो. विष, श्वास यांसारख्या खास शक्तींची डीसीही (त्यांच्यापासून वाचायला सेव्हने गाठायचा आकडा) आताच पुन्हा काढा: १० + हिट डाइसच्या निम्मे + संबंधित अ‍ॅबिलिटीचा मॉडिफायर.

एखाद्या खेळाडूलाच ओगर खेळायचा असेल तर चॅलेंज रेटिंग बाजूला ठेवा. त्याच्यासाठी ४ हिट डाइस आणि मॉन्स्टरच्या जादा ताकदीबद्दल धरायचे लेव्हल अ‍ॅडजस्टमेंटचे २ मिळून ६ होतात, म्हणजे बार्बेरियनची पहिली लेव्हल घेतलेला ओगर सातव्या लेव्हलच्या पार्टीत बसतो. त्याचे डाइस मात्र पाचच, त्यामुळे हिट पॉइंट आणि सेव्ह सोबत्यांपेक्षा मागे राहतात. लेव्हल ठरवण्याआधीच खेळाडूला हे स्पष्ट सांगा.