शिरगणतीचा आकडा स्वतः काढा, फॉरवर्डवर जाऊ नका

१ नोव्हेंबर, म्हणजे सीमाभागातला काळा दिवस जवळ आला की आपल्या बेळगावकडच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोच, अमुक तालुक्यात मराठी इतके टक्के, तमुक गावात तितके. मी पण फिरवलेत, खोटं कशाला बोला. मग एकदा मंडळात बोलायचं होतं म्हणून रात्री स्वतः टेबल उघडून बसलो, भाषेच्या कॉलमची बेरीज मारली, तर भाषा बोलणारे तालुक्यातल्या माणसांच्या दुप्पट! म्हटलं एक्सेल बिघडलं की काय. एक्सेल बरोबर होतं, चूक माझी.

तर कसं करायचं बघा. सेन्सस इंडियाच्या सरकारी साइटवर जा, २०११ घ्या, सध्या हातात असलेली शेवटची पूर्ण शिरगणती तीच. मातृभाषेचं टेबल म्हणजे सी-१६, राज्य कर्नाटक, कोड २९. फाइल मोठी आहे, मोबाइलवर उघडू नका, हँग होतो. उघडली की आधी जिल्ह्याचा फिल्टर लावा, आणि तिथं बेळगावी शोधू नका, सापडणार नाही. नाव बदललं १ नोव्हेंबर २०१४ ला, २०११ च्या फाइलमध्ये बेळगावच आहे, जिल्हा कोड ५५५.

आता ती दुप्पट बेरीज. मराठीच्या ओळी एकाखाली एक असतात. कॅपिटल अक्षरातली, १३ नंबरची ओळ म्हणजे मराठी भाषेची एकूण बेरीज, तिच्या खाली साध्या अक्षरात त्यात धरलेल्या मातृभाषा आणि शेवटी 'इतर'. मी सगळंच सिलेक्ट करून बेरीज केली, म्हणजे प्रत्येक माणूस दोनदा मोजला. फक्त कॅपिटलवाली ओळ घ्या. कन्नडची ७ नंबरला आहे, तिथंही तेच.

एवढ्या ओळी कशाला, तर घरी आलेल्या मास्तरांना माणूस सांगेल ती मातृभाषा लिहायची असते. देशभरातून अशी १९,५६९ वेगवेगळी उत्तरं आली, त्यांची छाननी करून १,३६९ मातृभाषा ठरवल्या आणि त्या १२१ भाषांत बसवल्या. फॉर्म स्कॅन करून मशीननं वाचले होते तरी या कामाला वेळ लागला, म्हणून पहिले ढोबळ आकडे ३१ मार्च २०११ लाच बाहेर पडले पण भाषेचं टेबल यायला २०१८ उजाडलं. आपल्याकडं घराघरात दोन-तीन भाषा बोलतात, त्या सी-१६ मध्ये दिसत नाहीत, तिथं माणसाला एकच मातृभाषा. दुसऱ्या-तिसऱ्या भाषेसाठी सी-१७ वेगळं आहे.

तालुक्यांचा घोळ त्याहून मोठा. निपाणीच्या एका पोरानं मला मेसेज टाकला, मामा आमचा तालुकाच गायब केलाय यांनी. गायब कुठला, २०११ ला निपाणी चिकोडी तालुक्यात होती, वेगळा तालुका नंतर झाला. कागवाड, मुडलगी, कित्तूरचंही तसंच. तेव्हा जिल्ह्यात दहाच तालुके होते, त्यात बैलहोंगल दिसेल संपगाव नावानं आणि सौंदत्ती परसगड नावानं. त्यामुळे कुणी २०११ चा निपाणी तालुक्याचा मराठी टक्का छातीठोकपणे सांगितला तर शांतपणे विचारा, कुठल्या ओळीतून काढला बाबा?

आणि गावाचं काय? इथंच खरी गंमत आहे. सीमाप्रश्नात आपली मागणी पाटसकर सूत्राची, म्हणजे सीमा ठरवताना खेडं हा घटक धरा, आणि सी-१६ तालुक्यावरच थांबतं, खाली गेलंच तर शहरांपर्यंत. गावाचा भाषेचा टक्का त्यात नाहीच. मग "२०११ च्या जनगणनेनुसार आमच्या गावात ९३ टक्के मराठी" असला मेसेज आला तर तो आकडा या टेबलातून आलेला नाही एवढं नक्की. आणि भरलेला फॉर्मच बघतो म्हणाल तर तेही नाही, १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ प्रमाणे तो कुणाला बघायला मिळत नाही, कोर्टात पुरावा म्हणूनही सहसा चालत नाही.

गावाचं बाकी मात्र बरंच मिळतं. त्यासाठी पीसीए (प्रायमरी सेन्सस अ‍ॅबस्ट्रॅक्ट, म्हणजे गावनिहाय मुख्य आकड्यांचं टेबल) घ्या नाहीतर जिल्ह्याचं सेन्सस हँडबुक, त्याच्या भाग अ मध्ये शाळा, पाणी, रस्ता, दवाखाना आणि भाग ब मध्ये माणसं, साक्षर, कामकरी. पीसीएत जिल्हा, तालुका, गाव, वॉर्ड सगळं एकाच कॉलममध्ये भरलेलं असतं, त्यात एकूण-ग्रामीण-शहरी अशा वेगळ्या ओळी, म्हणून लेव्हलचा फिल्टर लावल्याशिवाय बेरीज करायची नाही. गाव मिळालं नाही तर स्पेलिंग अर्धंच टाकून शोधा. तरी नाही मिळालं तर शहरांच्या यादीत बघा, हिंडलगा तिथं सापडेल, कारण तो सेन्सस टाउन, म्हणजे शिरगणतीपुरतं शहर धरलाय. बेळगाव शहराचं पण तसंच, महापालिका हद्दीतली माणसं ४,८८,१५७ आणि आजूबाजूचं धरून ६,१०,३५०, दोन्ही आकडे खरे, भांडणं मात्र यावरूनच.

साक्षरता काढताना एक करा, साक्षरांना सगळ्या लोकसंख्येनं भागू नका, आधी शून्य ते सहा वर्षांची पोरं वजा करा, कारण साक्षर मोजतात सात वर्षांपासून पुढचेच. हे विसरलात तर गाव उगाच अडाणी दिसतं.

आकडा ग्रुपवर टाकताना खाली एक ओळ लिहा, "सी-१६, २०११, चिकोडी तालुका, निपाणीसह". कुणी सोर्स विचारला तर परत फाइल उघडत बसायला नको.